उथळ पाण्याचे वैभव : मोशीची इंद्रायणी आणि भिगवणचे पाणथळ

मोशीहून चाकणकडे जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर इंद्रायणीचा पूल आहे. पुलाच्या अलीकडचे मोशी हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पलीकडची चिंबळी, कुरुळी ही गावे खेड तालुक्यात असून तेथील शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. दोन्ही काठांवरच्या मुलांना ही नदी नित्य दिसते. ‘ही नदी कोठून येते?’ या प्रश्नाला ‘देहूकडून’ आणि ‘कोठे जाते?’ या प्रश्नाला ‘आळंदीला’ अशी उत्तरे तिसरी-चौथीची मुले बिनचूक देतात. उत्तरे खोटी नाहीत. परंतु आळंदीच्या पुढे पाणी कोठे जाते, असे विचारले की वर्ग बहुधा गप्प होतो.

भिंतीवरील नकाशावर दोरा ठेवून हा प्रवास दाखविता येतो. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे इंद्रायणीचा उगम होतो. देहू, मोशी, आळंदी करीत ती तुळापूरला भीमेस मिळते. संभाजी महाराजांच्या बलिदानामुळे तुळापूर हे नाव मुलांच्या परिचयाचे असते. तेथे नद्यांचा संगम आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. औद्योगिक पट्ट्याच्या दुसऱ्या अंगाने वाहणारी पवना दापोडीला मुळेत जाते, मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठेचे एकत्र पाणी रांजणगाव सांडस येथे भीमेत येते. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेकडून निघालेले आणि दक्षिणेकडून निघालेले, अशी दोन्ही पाणी शेवटी एकाच पात्रात उतरतात. तेथून भीमा दौंडवरून पुढे जाते आणि इंदापूर तालुक्यातील भिगवणच्या सुमारास तिची चाल मंदावते. पात्र रुंदावते, काठ दिसेनासा होतो आणि नदीचे तळे होते. हे तळे म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. मोशीपासून रस्त्याने ते सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर आहे; पाण्याच्या वाटेने मोशी त्याच्या दारात आहे.

हे तळे निसर्गाने दिलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाला ‘यशवंतसागर’ असे नाव आहे. त्याचे पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या जमिनीवर पसरले. त्याखाली भीमाकाठची काळी शेते, वस्त्या आणि देवळे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर त्यांपैकीच एक. उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे त्याचे शिखर आणि नंतर भिंती उघड्या पडतात, आणि ज्यांचे गाव बुडाले ती वृद्ध माणसे आपल्या नातवंडांना घेऊन ते पाहावयास येतात. पन्नास वर्षांपूर्वी येथे तळे नव्हते, तळ्यावरचे पक्षीही नव्हते. माणसाने एका हेतूने केलेल्या कामातून दुसरेच काही उत्पन्न व्हावे, याचे इतके ठळक उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे क्वचितच सापडेल.

धरणाच्या भिंतीपाशी पाणी खोल असते. फुगवट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या बाजूस, ते पसरट व उथळ होते. कारण दख्खनच्या पठाराचा उतार येथे अतिशय सौम्य आहे. अशा सपाटीवर पाणी हातभर उतरले, तरी काठ दूरवर मागे सरतो. ‘उथळ’ हा शब्द आपल्या भाषेत काहीसा हलका मानला जातो. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण म्हणतो आणि मुलांच्या मनात खोल ते चांगले व उथळ ते सामान्य अशी समजूत रुजते. जीवसृष्टीचा हिशेब मात्र याच्या उलट आहे, आणि या पाठाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

वनस्पतींना अन्न तयार करण्यासाठी उजेड लागतो. खोल तळ्यात उजेड वरच्या थरापुरताच पोचतो. तळाशी काळोख आणि थंडावा असतो, आणि तेथे साचलेले पोषक द्रव्य वरच्या वनस्पतींना सहजी मिळत नाही. उथळ तळ्यात उजेड थेट चिखलापर्यंत जातो. वारा सुटला की सगळे पाणी तळापासून ढवळून निघते आणि चिखलातील सार पुन्हा वर येते. त्यात आपल्या हवामानात पाणी वर्षभर उबदार असते. थंड देशांतील तळी हिवाळ्यात गोठून निजतात, तसे येथे होत नाही. उजेड, ऊब आणि सार ही तिन्ही एकाच ठिकाणी आल्यामुळे डोळ्यांना न दिसणारी शेवाळे, त्यांवर जगणारे सूक्ष्म जीव, चिखलातील अळ्या, गोगलगायी, शिंपले, पाणकिडे आणि लहान मासे यांची दाटी होते. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजाविण्यास कठीण नाही. खोल विहीर पाणी साठविते. पीक वाफ्यात येते.

पाण्यात उजेड किती खोल जातो, हे मोजण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात नावेवरून पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती कोठे दिसेनाशी होते, ते पाहिले. आजही जगभर तळ्यांचे निरीक्षण याच तबकडीने होते. तबकडी दिसेनाशी होते, त्या खोलीच्या साधारण दुप्पट ते तिप्पट खोलीपर्यंत वनस्पतींना पुरेल इतका उजेड असतो. शाळेत यासाठी पांढरा रंग दिलेली लहान थाळी, तिच्या मध्यभागी बांधलेले वजन आणि दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी एवढे साहित्य पुरते.

आता पक्ष्यांकडे वळू. पाणथळीचे पक्षी शिकविताना नावांची यादी पाठ करून घेण्याचा मोह टाळावा. पाय आणि चोच यांवरून सुरुवात केली, तर मुले स्वतःच तर्क करू लागतात. काठाच्या ओल्या चिखलात चिखल्या आणि तुतारी हे आखूड पायांचे पक्षी असतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या उभा असतो. त्याचे तांबूस पाय त्याच्या अंगाच्या मानाने इतके लांब, की पोराने काठ्यांवर चढून चालावे तसा तो दिसतो. त्याच्या पुढे बगळे, चमचे आणि चित्रबलाक, आणि सर्वांत आत रोहित. जितका पाय लांब, तितके पाणी खोल. ज्यांना पायच पुरत नाहीत ती बदके, टिबुकल्या आणि पाणकावळे पोहतात व बुड्या मारतात. एकाच तळ्यात, एकमेकांना धक्का न लावता, इतकी बिऱ्हाडे नांदू शकतात ती यामुळे. तळे सर्वत्र सारखेच खोल असते, तर यांतील निम्मी बिऱ्हाडे उठली असती.

रोहिताला मराठीत अग्निपंख असेही म्हणतात. उभा असताना तो पांढुरका-गुलाबी वाटतो. पंख उघडले की त्यांतील तांबडा व काळा रंग एकदम प्रकटतो आणि नावाचा अर्थ कळतो. उंची माणसाच्या छातीएवढी, कधी अधिकही. त्याची चोच मध्येच वाकलेली असते आणि मुले ती पाहून हसतात. तिचे मर्म त्याच्या जेवण्याच्या रीतीत आहे. रोहित मान खाली घालून डोके उलटे करतो, त्यामुळे वरची चोच खाली येते. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन सेकंदाला अनेक वेळा पाणी आत ओढते व बाहेर टाकते, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरीत सूक्ष्म जीव व शेवाळ अडकून राहते. घरी आई सोजी चाळते, त्याचीच ही आवृत्ती. त्याचा गुलाबी रंगही त्याचा स्वतःचा नव्हे, अन्नातला आहे. ते अन्न न मिळाल्यास पिंजऱ्यातला रोहित फिका पडतो. पिल्ले तर राखाडी असतात आणि त्यांची चोच सरळ असते. हे पक्षी कच्छच्या मोठ्या रणात वीण करतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत भिगवणच्या परिसरात दिसतात. मात्र धरण तुडुंब असेपर्यंत त्यांना उभे राहावयास जागा नसते. पाणी उतरून चिखलाचे पट्टे वर आले, म्हणजेच ते येतात. ज्या वर्षी पाणी उशिरा उतरते, त्या वर्षी त्यांचे येणेही लांबते.

चित्रबलाकाची रीत निराळी. तो चोच अर्धी उघडून पाण्यात बुडवितो आणि डावीउजवीकडे फिरवीत चालतो. मासा चोचीला लागला, की ती झटकन मिटते. त्याला मासा दिसावा लागत नाही, स्पर्श पुरतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील बाभळींवर आणि इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत असते. अशा सामुदायिक विणीच्या जागेला ‘सारंगागार’ हा सुंदर शब्द मारुती चितमपल्ली यांनी मराठीला दिला. कामासाठी कचेरीत आलेल्या माणसांच्या डोक्यावर हे पक्षी पिल्ले वाढवितात आणि त्यांची घाण, वास, कलकलाट लोक सोसतात. सहनशीलतेवर भाषण देण्याऐवजी मुलांना ती चिंचेची झाडे दाखवावीत.

उत्तरेकडून येणाऱ्यांत पट्टकादंब हा मानाचा पाहुणा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसवर्गीय पक्षी तिबेट, लडाख, मंगोलिया येथील उंच तळ्यांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून दक्षिणेस येतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडताना त्याची नोंद झालेली आहे. त्याच्या रक्तातील तांबडे द्रव्य विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला उचलते. येथे आल्यावर मात्र हा गगनविहारी पाहुणा काठच्या हिरवळीवर आणि कोवळ्या पिकात गुरासारखा चरतो, आणि शेतकरी त्याला हाकलतो. कवींनी विरहाचे प्रतीक केलेला चक्रवाक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, कमळाच्या पानावर चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, नदी सुरय यांचा येथे नुसता उल्लेख पुरे. एक पक्षी मात्र इंद्रायणीकाठच्या शाळांनी विसरू नये. काळ्या अंगाच्या, कपाळावर पांढरा ठसा असलेल्या एका पाणपक्ष्याला मराठीत ‘चांदवा’ म्हणतात आणि ‘वारकरी’ही म्हणतात. कपाळावरचा तो पांढरा टिळा आणि शेकड्यांनी थव्याथव्याने तरंगण्याची सवय पाहिली, की हे नाव कोणा रसिक गावकऱ्याने ठेवले असावे असे वाटते. देहू-आळंदीचे पाणी भिगवणला या वारकऱ्यांना भेटते आणि उजनी ओलांडून, भीमेची चंद्रभागा होऊन, पंढरपूरलाही पोचते.

या तळ्याचे एक वैशिष्ट्य असे, की ते वर्षातून एकदा श्वास घेतल्यासारखे फुगते आणि ओसरते. पावसाळ्यात भरते, पुढे कालव्यांतून आणि नदीतून पाणी सोडले जाते, तसे उतरत जाते. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी वजा पातळीत’ असे मथळे येतात आणि ‘धरणात पाणी वजा कसे असेल?’ असे चौकस मुले विचारतात. त्याचा उलगडा गणिताच्या तासाला करावा. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारे पाणी. शून्य मोजावयाचे ते मृतसाठ्याच्या वरून. म्हणून पातळी त्याच्याही खाली गेली, की ती उणे लिहितात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. यावरून मृतसाठ्याचे घनमीटर काढणे सातवीच्या मुलांस जमण्यासारखे आहे. पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळात काठचे शेतकरी गाळपेर करतात. पक्षी, पीक आणि मासेमारी ही तिन्ही या चढउतारावर बेतलेली असून चढउतार मात्र पाऊस आणि पाणीवाटप यांच्या हाती आहे.

येथवरचा भाग मुलांना आवडेल. पुढचा शिकविणे कठीण आहे, कारण त्याचे एक टोक शिकणाऱ्यांच्या घरात आहे.

उथळ तळे थोड्या खतावर भरघोस पिकते, हे वर आले. मग खत फार झाले तर? शेतीच्या संबंधाने नत्र, स्फुरद, पालाश ही नावे खेड्यातील मुलांना पाठ असतात. तळ्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदावर अडलेली असते. ते थोडे असते म्हणून शेवाळही बेताचे राहते. एक ग्रॅम स्फुरद अधिक पडले, तर त्यातून शंभर ग्रॅमच्या आसपास वाळलेल्या वजनाचे शेवाळ निपजू शकते. हे स्फुरद मैलापाण्यातून येते, काही धुलाईच्या द्रव्यांतून येते आणि उसाच्या व इतर पिकांच्या शेतांतून पावसाबरोबर वाहून येते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी दिसावयास स्वच्छ असले, तरी साध्या पद्धतीच्या केंद्रात घाण कुजवून काढली जाते. विरघळलेले स्फुरद पुष्कळसे तसेच पुढे जाते. या अतिपोषणाने पाणी हिरवे दाट होते. पांढरी थाळी मग वीतभर खोलीवरच दिसेनाशी होते, तळाला उजेड पोचत नाही आणि तेथील पाणवनस्पती मरतात. ज्या गुणामुळे तळे समृद्ध होते, तोच गुण असा उलटतो.

पुढचा धोका रात्रीचा आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेही इतरांप्रमाणे प्राणवायू घेते. शिवाय मेलेले शेवाळ कुजविणारे जंतू प्राणवायू खातात. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो : समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी तळ्यातील प्राणवायू नीचांकाला जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करतात आणि सकाळी कोळ्याला मेलेले मासे तरंगताना दिसतात. दुपारी कोणी पाणी तपासले, तर त्याला सर्व ठीक आढळेल. कोणत्या वेळी मोजले हे न सांगता सांगितलेला आकडा कसा फसवितो, हे मुलांना येथे दाखविता येते.

अशा पाण्यात सर्वच जीव सारखे मरत नाहीत. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो थोड्या प्राणवायूवर तग धरतो, मिळेल ते खातो आणि त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते. म्हणून त्याची पिल्ले पुष्कळ वाचतात. उजनीच्या जाळ्यांत आज त्याचेच प्राबल्य आहे आणि नदीचे मूळचे मासे विरळ झाले आहेत. बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान पिल्लेही काढली जातात, ही त्यात भर. काठच्या मच्छीमार कुटुंबांना याची झळ थेट बसते; त्यांतील काहींनी हिवाळ्यात पर्यटकांना नावेतून पक्षी दाखविण्याचा जोडधंदा पत्करला आहे. हा धंदा पक्ष्यांच्या अंगावर नाव न नेता केला, तर पक्षी आणि माणूस दोघांच्याही हिताचा आहे. बेकायदा वाळूउपशानेही काही ठिकाणी तळ आणि काठ खणले गेले आहेत.

मोशीच्या मुलांना यातील पहिला दुवा घराजवळच दिसतो. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस पुनःपुन्हा आलेला आहे, कार्तिकी यात्रेच्या सुमारासही. साबणासारखी द्रव्ये पाण्याचा ताण कमी करतात. असे पाणी बंधाऱ्यावरून खाली आपटले, की त्यात हवा कोंडून फेस होतो. पावसाळा सरल्यावर नदीतले मूळ पाणी आटते, पण घराघरांतून व कारखान्यांतून येणारे सांडपाणी आटत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर त्याचे प्रमाण वाढते. फेस म्हणजेच सर्व प्रदूषण, असे मात्र मुलांना वाटू देऊ नये. फेस विरतो, आणि दिसत नाही ते स्फुरद उजनीपर्यंत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती.

जलपर्णी ही याच द्रव्यांवर पोसलेली. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. सुपीक पाण्यात तिचा पसारा साधारण पंधरवड्यात दुप्पट होतो. दुपटीचा हा हिशेब फळ्यावर करावा : आज तळ्याचा सोळावा भाग झाकला असेल, तर पूर्ण तळे झाकावयास किती पंधरवडे? चारच. अर्धे तळे मोकळे दिसत असते, तेव्हा हातात एक पंधरवडा उरलेला असतो. तिच्याखाली उजेड जात नाही, नावा अडतात, डासांना आसरा मिळतो. आणि पुराबरोबर वरची जलपर्णी खालच्या गावांच्या माथी येते.

या ठिकाणी एक सामान्य गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘भिगवणला इतके पक्षी येतात, म्हणजे पाणी चांगले असणारच,’ असे मोठी माणसेही म्हणतात. पक्षी हे अन्नाच्या मागे येतात. पाणी काही मर्यादेपर्यंत अतिपोषित झाले, तर शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या थापट्याला आणि रोहिताला चंगळच असते. स्पर्शाने शिकार करणाऱ्या चित्रबलाकाचे गढूळ पाण्यातही भागते. नजरेने मासा टिपणारा खंड्या, सुरय किंवा पाण्याखाली पाठलाग करणारा पाणकावळा यांना मात्र हिरव्या दाट पाण्यात शिकार कठीण होते. पुणे-चिंचवडच्या नाल्यांसारख्या झालेल्या पात्रांतही शेकाटे भरपूर दिसतात. ते अळ्यांच्या सुकाळामुळे, शुद्धतेमुळे नव्हे. म्हणून ‘किती पक्षी?’ याबरोबर ‘कोणते पक्षी, आणि ते काय खातात?’ हा प्रश्न विचारावयास हवा. शिवाय अतिपोषणाने फोफावणाऱ्या नीलहरित शेवाळाच्या काही जाती विष उत्पन्न करतात. सोलापूर शहराला पिण्याचे पाणी उजनीतून जाते, हे येथे सांगावे. त्यावर अधिक भाष्याची गरज पडत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर २०२० साली घोषित झाले. तेही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले उथळ पाणी आहे, म्हणजे भिगवणचे सख्खे भावंड. परंतु केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यामुळे ज्या पाण्यावर हजारो पक्षी उतरतात, ते या नियमांच्या दृष्टीने केवळ साठवण ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांना अभय दिले आहे. पण पक्ष्याला मारणे आणि त्याचे पाणी नासविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीत कोणा एकाचा हात धरता येत नाही.

वर्गात करावयाच्या कामांपैकी दोनच येथे सुचविली आहेत. पहिले काम बरण्यांचे. काचेच्या तीन सारख्या बरण्यांत एकाच तळ्याचे वा नदीचे पाणी घ्यावे. पहिली तशीच ठेवावी, दुसरीत मिश्रखताचा एक दाणा व तिसरीत पाच दाणे टाकावेत, आणि तिन्ही उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवाव्यात. दोन-तीन आठवडे रोज त्याच वेळी पाण्याचा रंग नोंदवावा आणि बरणीमागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतात का, ते पाहावे. प्रयोग संपल्यावर ते पाणी ओढ्यात न ओतता बागेतील मातीत ओतावे, आणि हात साबणाने धुवावेत.

दुसरे काम नदीकाठच्या शाळांनी भिगवण परिसरातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार करून करावयाचे आहे. महिन्यातील एक ठरावीक दिवस घ्यावा. त्या दिवशी सकाळी आठ वाजता दोन्ही ठिकाणी शिक्षकांनी स्वतः पुलावरून किंवा बांधलेल्या घाटावरून थाळी सोडावी. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, इंद्रायणीच्या सध्याच्या पाण्यात तर नाहीच. मुलांनी काठावरून पक्षी मोजावेत आणि नोंदवहीत तारीख, वेळ, आकाश, थाळी दिसेनाशी झाली ती खोली, पक्ष्यांची नावे व संख्या, जलपर्णी, फेस असे स्तंभ आखावेत. नाव माहीत नसलेल्या पक्ष्याचे पाय आणि चोच यांचे चित्र काढावे. शेवटचा स्तंभ ‘पाण्याचा वास’ असा ठेवून तो मुलांकडून त्यांच्याच शब्दांत भरून घ्यावा; शिक्षकांनी त्यात दुरुस्ती करू नये. पहिले पत्र पावसाळा संपताच, नद्यांना अजून मूळचे पाणी आहे तोवर पाठविल्यास मे महिन्यातील पत्राशी त्याची तुलना करता येईल.